सह्याद्रीच्या धुक्यातले पक्षी: गोव्यात शनिवार-रविवारची पक्षीसहल कशी आखावी

दोन दिवसांच्या पक्षीसहलीत खरं भांडवल एवढंच: दोन पहाटा. सकाळी साडेसहा ते साडेदहा या चार तासांत जे दिसतं ते उरलेल्या दिवसात सहसा दिसत नाही. त्यामुळे राहायचं कुठे, जेवायचं कधी, गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची हे सगळं त्या दोन पहाटा सांभाळून ठरवायचं. बहुतेक सहली बिघडतात त्या याच्या उलट केल्यामुळे. लोक पणजीत किंवा किनाऱ्यावर मुक्काम करतात, आठ वाजता नाश्ता उरकून निघतात, साडेनऊला जंगलात पोचतात आणि मग ‘पक्षीच नाहीत हो’ म्हणत दुपारी दूधसागर गाठतात.

हा लेख सत्तरी आणि धारबांदोडा या दोन तालुक्यांतल्या जंगलांपुरता आहे. पहिली पहाट तांबडी सुर्लाच्या सखल, दमट रानात आणि दुसरी चोर्ला घाटमाथ्यावर. नेत्रावळी आणि खोतीगावही उत्तम आहेत, पण ते दक्षिणेकडे. दोन दिवसांत उत्तर-दक्षिण एकत्र करायला गेलात तर एक पहाट प्रवासात जाईल.

हे जंगल कोणत्या प्रकारचं

बारमाही ढगात बुडालेलं, खोडाखोडावर शेवाळाची गादी असलेलं जंगल पाहायचं तर निलगिरीच्या वरच्या शोलांमध्ये, म्हणजे उंच डोंगरकुशीतल्या ठेंगण्या रानांत, जावं लागतं. गोव्यातला घाटमाथा तेवढा उंच नाही; चोर्ला परिसर साधारण 800 मीटरवर आहे. पण जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारी वाफ घाटाच्या भिंतीवर चढते, थंड होते आणि चोर्ल्याचा माथा अनेक दिवस ढगातच राहतो. झाडांवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किडं दिसतात ती त्यामुळे. पाऊस ओसरल्यावर चित्र उलटं होतं. हिवाळी पहाटे धुकं खाली सत्तरीच्या खोऱ्यात साचतं आणि घाटमाथ्यावर उभे असलेले तुम्ही त्याच्या वर असता. दोन्ही वेळी पक्षी पाहता येतात, पण तयारी अगदी वेगळी लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबरचा मध्य ते मार्चचा मध्य हा काळ निवडावा. स्थलांतरित पक्षी आलेले असतात, नवरंग रानात असतो, वाटा कोरड्या असतात आणि जळवा जवळपास नसतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून ओढे आटू लागतात. मग उरलेल्या डबक्यांवर पक्ष्यांची गर्दी होते, आणि दुपारच्या सत्रासाठी ही फारच सोयीची गोष्ट. धुक्यासाठीच यायचं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बरा, कारण तेव्हा पाऊस तुटक असतो आणि माथ्यावर सकाळी ढग उतरतात. ऐन जुलैत येऊ नका असं नाही, पण तेव्हाची सहल बेडकांची आणि तिबोटी खंड्याची. पक्ष्यांची लांब यादी तेव्हा होत नाही.

नकाशातला घोळ आधी मिटवा

गोव्यात सुर्ला एक नाही. महादेवाच्या देवळाचं तांबडी सुर्ला धारबांदोडा तालुक्यात, घाटमाथ्यावरचं सुर्ला सत्तरीत, आणि डिचोली तालुक्यात आणखी एक. केरीचंही तसंच: सत्तरीतलं केरी, पेडण्यातलं समुद्रकाठचं केरी आणि फोंड्याजवळचं केरी. फोनमध्ये नुसतं ‘केरी’ टाकून पहाटे पाचला निघालेली गाडी किनाऱ्यावर पोचू शकते. म्हणून आदल्या रात्रीच ठिकाणावर बोट ठेवून खूण साठवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. मोल्याच्या पुढे आणि चोर्ल्याच्या चढावर नेटवर्क जातं-येतं.

अंतरं ढोबळ धरा. पणजीहून फोंडामार्गे मोले 55-60 किलोमीटर, मोल्याहून तांबडी सुर्ला सुमारे 12. पणजीहून साखळीमार्गे चोर्ला माथा तासा-दीड तासावर. तांबडी सुर्लाहून उसगावमार्गे वाळपईला यायला सव्वा तास पकडा. पेट्रोल फोंड्यात, उसगावात किंवा साखळीतच भरा. घाटात पंपाच्या भरवशावर राहू नका. सुटे पैसेही तिथेच काढा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने मोल्यापर्यंत येता येतं, पण पहाटे सहाला देवळापर्यंत पोचवणारी बस मिळत नाही, त्यामुळे स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागतेच.

परवानगी, गाईड आणि गटाचा आकार

तांबडी सुर्ला आणि मोले हा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो. अभयारण्य आणि त्यातलं मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण 240 चौरस किलोमीटर. चोर्ल्याच्या उतारावरचं रान म्हादई अभयारण्यात आहे; 1999 साली घोषित झालेलं, 208 चौरस किलोमीटरच्या आसपास. सार्वजनिक रस्त्यावरून आणि गावातून पक्षी पाहायला अडचण नसते. आतल्या पायवाटांवर मात्र वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढून, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क भरूनच जायचं. नाके पहाटे उघडे असतीलच असं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी जाऊन वेळ विचारून ठेवा आणि ओळखपत्र बरोबर घ्या. सूर्यास्तानंतर अभयारण्यात पायी फिरणं बेकायदा आहे. ‘रात्रीची सफर करून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

गाईड घ्यावा का? पहिल्या सहलीला जरूर घ्यावा, आणि तो गावातलाच. फ्रॉगमाउथसारखा, दिवसा वाळल्या पानासारखा बसणारा पक्षी स्वतः शोधायला आठवडा लागेल; गावातल्या जाणत्या मुलाला त्याची या आठवड्यातली फांदी ठाऊक असते. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: किती वाजता निघणार, आवाज वाजवून पक्षी बोलावता का, आणि गटात आणखी कोण आहे. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, हमखास येतो’ असं उत्तर आलं तर दुसरा गाईड शोधा. स्पीकरवर शीळ वाजवली की नर आपल्या हद्दीत परका आला असं समजून धावून येतो, खाणं आणि घरटं सोडून. एकाच जागी दर शनिवार-रविवारी हे झालं की पक्षी ती जागा सोडतो.

गट चार जणांचा, फार तर पाचांचा. सहावा माणूस आला की ओळ लांबते, पुढच्याला दिसलेलं मागच्यापर्यंत पोचेस्तोवर पक्षी गेलेला असतो.

दुर्बीण आणि बाकी सामान

या जंगलासाठी 8×42 दुर्बीण घ्या, 10×42 नको. कारण साधं आहे. पुढच्या भिंगाचा व्यास (इथे 42 मिलिमीटर) भागिले किती पट मोठं दिसतं तो आकडा (8 किंवा 10) म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास. 8×42 मध्ये तो 5.25 मिलिमीटर, 10×42 मध्ये 4.2. दाट सदाहरित झाडोऱ्याखाली सकाळी सातला हा फरक स्पष्ट जाणवतो. शिवाय आठपटीत दृश्य रुंद मिळतं, हात थरथरला तरी चालतं आणि फांद्यांच्या गुंत्यात पक्षी लवकर सापडतो. दहापट दुर्बीण पठारावर आणि शिकारी पक्ष्यांसाठी चांगली. दोन-अडीच मीटरवरचंही स्पष्ट दिसेल अशी निवडा, कारण नवरंग किंवा शामा कधीकधी पायाशीच येतात.

निघण्यापूर्वी दुर्बीण डोळ्यांना लावून घ्या. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यात दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरचा आकडा लक्षात ठेवा. अनेक लोक वर्षानुवर्षं एका डोळ्याने अंधुक पाहतात आणि दोष दुर्बिणीला देतात.

दमट हवेचा मुख्य त्रास बाष्पाचा. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून काढलेली थंड दुर्बीण बाहेर आली की भिंगावर लगेच पाणी जमतं, आणि ते पुसलं की पुन्हा जमतं. उपाय असा: रात्री पिशवी खोलीत एसीपासून दूर ठेवा, पहाटे गाडीत एसी लावू नका, आणि पोचल्यावर पिशवी बंद ठेवूनच वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. जलरोधक, आत नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीत बाष्प आत शिरत नाही. बाहेरच्या काचेवर मात्र तिच्याही जमतं.

बाकी सामानात फिकट हिरवे किंवा मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्यापर्यंतचे बूट, टॉर्च, दीड-दोन लिटर पाणी, चहाचा थर्मास, खिशातली वही आणि पेन्सिल. ओल्या हातात पेन चालत नाही. पांढरा शर्ट नको. सळसळणारं प्लास्टिकचं जॅकेटही नको. ते आतून घामाने भिजवतं आणि त्याच्या आवाजात पक्ष्यांचा आवाज ऐकू येत नाही. पावसाळ्यात जाड दांड्याची छत्री बरी. फोनवर मर्लिन (आवाजावरून पक्षी सुचवणारं ॲप) आणि ई-बर्ड (पक्ष्यांच्या याद्या भरायचं ॲप) असतील तर भारताचा पॅक वाय-फायवरच उतरवा.

कॅमेरा नेणार असाल तर एक गोष्ट आधीच लावून ठेवा: धुक्याच्या पांढऱ्या आकाशासमोर बसलेला पक्षी कॅमेऱ्याला काळा ठिपका वाटतो, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्या पांढऱ्यावर फसतो. एक्स्पोजर +1 ते +1.7 वाढवा. रानात आयएसओ 1600 ते 3200 धरा. भिंगाला स्थिरीकरण असेल आणि पक्षी बसलेला असेल तर शटर 1/160 पर्यंत उतरवता येतं. धुक्यात ऑटोफोकस पुढच्या ओल्या फांदीवर अडकतो. मधला एकच बिंदू निवडा. फ्लॅश घरीच राहू द्या.

शुक्रवार संध्याकाळ

मोले, साकोर्डे किंवा तांबडी सुर्लाच्या वाटेवर मुक्काम करा. देवळापासून अर्ध्या तासाच्या आत ही एकच अट. सकाळच्या खाण्याचं रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर पाव आणि केळी घेऊन ठेवा. साडेपाचला कुठलाही गाडा उघडा नसतो. जानेवारीत सूर्योदय सात वाजून पाच-सात मिनिटांनी होतो, मार्चच्या मध्यावर साधारण पावणेसातला. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर उभं असायचं, म्हणजे जानेवारीत सहाला गाडी सुरू.

शनिवार पहाट: तांबडी सुर्ला

कदंबकाळातलं काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ, बाजूला नदी, भोवती उंच झाडं आणि मधे मोकळं अंगण. पक्षी पाहायला याहून सोयीची जागा गोव्यात क्वचितच असेल, फक्त दहा वाजेपर्यंत. त्यानंतर पर्यटकांच्या बसा येतात.

पहिली वीस मिनिटं चालूच नका. उजाडायच्या आधी मोकळ्या जागेच्या कडेला, झाडाला पाठ लावून उभे राहा आणि फक्त ऐका. ओढ्याच्या दिशेने माणसाने रमतगमत शीळ घातल्यासारखा, सूर न सापडलेला आवाज आला तर तो शीळकरी कस्तूर. झुडपांतून भरघोस, नकला मिसळलेलं गाणं म्हणजे शामा. हिवाळ्यात जमिनीलगत दोन सुरांची स्पष्ट शीळ येते ती नवरंगाची. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक बोलतो. कोणता आवाज कुठून आला ते वहीत बाणाने काढून ठेवा, म्हणजे उजाडल्यावर कुठे जायचं ते ठरलेलं असतं.

उजेड आला की झाडांच्या शेंड्यांवर लक्ष द्या. पहिलं ऊन तिथे पडतं, कीटक तिथे हलतात, आणि निखार, हळद्या, पर्णपक्षी, धनेश तिथेच येतात. मलबारी राखी धनेशाचं खळखळून हसल्यासारखं ओरडणं लांबून कळतं. महाधनेश ओरडण्याआधी पंखांच्या आवाजावरून कळतो. उंबर किंवा वडाच्या जातीचं फळांनी लगडलेलं झाड सापडलं तर बाकीचे बेत बाजूला ठेवा आणि तिथेच, पंचवीस-तीस मीटर अंतर राखून, तास-दीड तास बसा. धनेश, तांबट, हिरवी कबुतरं, फेअरी ब्लूबर्ड आणि बुलबुल एकाच झाडावर पाळीपाळीने येतात. गोव्याचा राज्यपक्षी, पिवळा अंगरखा आणि लालभडक कंठाचा बुलबुल, अशाच झाडांवर निवांत पाहता येतो. मलबार बार्बेटही इथेच शोधा. चेहरा आणि गळा लाल असलेला हा छोटा तांबट गोव्यापासून दक्षिणेकडेच मिळतो.

साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पक्ष्यांची मिश्र टोळी गाठायची असते. पंधरा-वीस मिनिटं रान अगदी शांत असतं आणि मग एकदम चहूबाजूंनी पक्षी येतात. टोळीत बऱ्याचदा भृंगराज असतो, लांब तारांच्या टोकाला पिसांचे फलक लावलेला. तो दिसला किंवा त्याचे धातूसारखे आवाज आले की थांबा. बाकीचे पक्षी पानं हलवत कीटक उडवतात आणि भृंगराज ते टिपतो. त्याच्या इशाऱ्यावर बाकीच्यांना सावध राहता येतं. मधल्या फांद्यांवर शिलिंध्री आणि सुतार, खाली सातभाईंचे लहान भाऊबंद, वर निखार. नवशिके सगळ्यात रंगीत पक्ष्यामागे दुर्बीण फिरवतात आणि तोवर टोळी निघून जाते. त्याऐवजी उंचीचे तीन भाग वाटून घ्या: एकाने वरचं पाहायचं, एकाने मधलं, एकाने झुडपं. टोळी कोणत्या दिशेला सरकते ते पाहून तिच्या पुढे जाऊन उभं राहावं. मागे धावण्यात अर्थ नाही.

मलबार ट्रोगन, मराठीत कर्णा, हवा असेल तर चाल आणखी कमी करा. तासाला अर्धा किलोमीटर हा योग्य वेग. नराचं पोट भडक लाल, तरी तो दिसत नाही, कारण चाहूल लागताच तो तपकिरी पाठ तुमच्याकडे करून निश्चल बसतो. त्याचे मवाळ, एकसुरी ‘क्यू-क्यू-क्यू’ ऐकू आले की जमिनीपासून चार ते आठ मीटर उंचीच्या आडव्या, उघड्या फांद्या एकेक करून तपासा. डोळ्यांनी आधी, दुर्बिणीने नंतर.

दिसलेला पक्षी दुसऱ्याला दाखवायचा असेल तर ‘तो बघ, तिकडे’ हे शब्द वर्ज्य. ‘जाड किंदळीचं खोड, जमिनीपासून दुसरी फांदी, घड्याळात दोन वाजतात त्या दिशेला, पानांच्या गुच्छाच्या खाली’ असं सांगा. हाताने दाखवू नका; वर गेलेला हात पक्ष्याला आधी दिसतो.

न ओळखता आलेल्या पक्ष्याबद्दल पुस्तक उघडण्याआधी पाच गोष्टी लिहा: चिमणी-बुलबुल-साळुंकीच्या मानाने आकार, चोच, शेपटी, किती उंचीवर होता, काय करत होता. रंग सहावा. धुक्यात आणि सावलीत रंग फसवतात. मर्लिनने आवाजावरून सुचवलेलं नावही तपासूनच घ्या, कारण भृंगराज आणि शामा दोघेही इतरांची नक्कल करतात आणि ॲप त्यांना भुलतं.

फ्रॉगमाउथ, म्हणजे बेडूकतोंड्या, दिवसा जोडीने दाट वेलींच्या जाळीत वाळल्या पानासारखा बसून असतो. नर राखाडी, मादी तांबूस. गाईड दाखवेल तेव्हा पाच मीटरच्या आत जाऊ नका, फांद्या बाजूला सारू नका, दोन-चार मिनिटांत मागे फिरा. उठवलेला फ्रॉगमाउथ दिवसाउजेडी उडतो आणि शिकाऱ्यांच्या नजरेत येतो.

शनिवार दुपार

अकरा ते साडेतीन रान झोपतं, तुम्हीही झोपा. जेवण उसगाव-तिस्कच्या बाजूला मिळतं. भुकेल्या पोटी पातळभाजी-पाव आणि मिरची भजी यांना तोड नाही. त्यानंतर दोन पर्याय. बोंडला अभयारण्य वाटेतच, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, मुलं बरोबर असतील तर सोयीचं. गुरुवारी बंद असतं, शनिवारी नाही. पण फेब्रुवारी-मार्च असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: बोंडला सोडा आणि मोल्याच्या परिसरात सावलीतल्या एखाद्या डबक्याशी बसा. साडेतीनला जागा घ्या, पाण्यापासून आठ-दहा मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून. बुलबुल आणि सातभाई आधी येतात. लाजरे पक्षी, म्हणजे पाचू कवडा, नारिंगी डोक्याचा कस्तूर, नवरंग, बहुधा उजेड उतरल्यावर. म्हणून सव्वापाचला ‘आता काही येत नाही’ म्हणून उठणं ही इथली नेहमीची चूक. पाण्यावर वाकलेल्या फांदीकडेही लक्ष ठेवा, निळ्या कानाचा खंड्या तिथे बसतो.

सव्वासहाला आवरा आणि रात्रीच्या मुक्कामाला वाळपई किंवा चोर्ल्याकडे निघा.

रविवार पहाट: चोर्ला

वाळपईहून साडेपाचला निघा. हा घाट बेळगावचा, त्यामुळे पहाटेही वाहतूक असते. धुकं लागलं तर हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. पक्षी दिसला म्हणून वळणावर ब्रेक मारणं हा या सहलीतला सर्वांत मोठा धोका आहे, साप आणि गवे त्याच्यामागे. गाडी रुंद कडेला पूर्ण बाहेर लावा आणि समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून एका ओळीत चाला.

दाट धुक्यात पक्षी उशिरा सुरू होतात, कधी आठलासुद्धा. तोवर कान वापरा. धुक्यात आवाजाची दिशा आणि अंतर दोन्ही फसतात. तोंड थोडं उघडं ठेवून डोकं हळू फिरवा आणि आवाज दोन्ही कानांत सारखा येईल तिथे थांबा, म्हणजे दिशा बऱ्यापैकी कळते. पानावरून टपकणाऱ्या थेंबांनी सगळं झाड हलतंय असं वाटतं. यात पक्षी ओळखायची युक्ती अशी: थेंबाने हललेलं पान खाली जाऊन परत वर येतं आणि पुन्हा तेच हलतं, पक्ष्याची हालचाल एका पानावरून शेजारच्या पानाकडे आडवी सरकते. धुकं विरळ होऊ लागलं, किंवा सर थांबली, की पुढची पंधरा-वीस मिनिटं सोन्यासारखी. भिजलेले पक्षी पिसं वाळवायला उघड्या शेंड्यांवर येतात. छत्री मिटा, दुर्बीण पुसून तयार ठेवा, आणि तेव्हा चहा ओतत बसू नका.

साडेनऊनंतर जंगलाची कड सोडून दरीच्या काठावर, मोकळ्या जागी बसा. ऊन तापून हवा वर उचलू लागली की शिकारी पक्षी निघतात. शेंड्यांना लागून, पंख थोडे वर उचलून संथ घिरट्या घालणारा काळा पक्षी म्हणजे काळा गरुड. तो झाडांवरची घरटी तपासत फिरतो. ओरडत उंच चढणारा सर्पगरुड. सुर्ला गावाकडच्या उघड्या सड्यावर मलबारी चंडोल मिळतो, पण तिथे दगडावर बसण्याआधी पाहून बसा.

अंगावर येणाऱ्या गोष्टी

सड्यावर फुरसं असतं, पावसाळी झुडपांत चापडे. चापडा चावला तर आपल्याकडची नेहमीची सर्पविषविरोधी लस त्याच्यासाठी बनवलेली नाही, ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे. तरीही इस्पितळात जायचंच, बांधाबांध आणि चिरा न मारता, अवयव हलू न देता. 108 ला फोन लागत नसेल तर गाडीनेच वाळपई, फोंडा किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ). गवा दिसला तर पन्नास मीटर अंतर ठेवा आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. फोटोसाठी एकट्या नराजवळ जाऊ नका.

जळवा ओल्या दिवसांत असतात. मोज्यात पँट खोचा. चिकटलीच तर नखाने आधी तिचं बारीक टोक आणि मग दुसरं सोडवा आणि जखम दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. रक्त जास्त वेळ वाहतं, त्याने घाबरू नका.

खरी काळजी गोचिडांची. सत्तरीत 2015 नंतर गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाच्या साथी आल्या आहेत आणि हा ताप पक्षी पाहण्याच्या हंगामातच, डिसेंबर ते मे, डोकं वर काढतो. गोचिडांची बारीक पिल्लं पालापाचोळ्यात असतात. त्यामुळे पाचोळ्यावर बसू नका, बॅग जमिनीवर टाकू नका, पायांना आणि हातांना डेपा तेल किंवा डीट हे कीटक दूर ठेवणारं औषध लावा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आणि गुडघ्यामागे, कमरेला, काखेत तपासा. गोचीड मिळाली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल, काडी, चुना काही नको.

परतल्यावर

यादी त्याच दिवशी ई-बर्डवर भरा. तांबडी सुर्ला आणि चोर्ल्याची एकच यादी करू नका. प्रत्येक ठिकाणाची वेगळी, वेळ आणि चाललेलं अंतर लिहून. न ओळखलेला पक्षी अंदाजाने भरण्यापेक्षा सोडलेला बरा. फेब्रुवारी ते मे या काळात धनेशाची ढोली सापडली तर तिचा फोटो आणि जागा कुठेही टाकू नका. आत मादी कोंडलेली असते आणि नराने येणं थांबवलं तर तिचे आणि पिलांचे हाल होतात.

दुर्बीण आणि भिंगं मऊ कापडाने पुसून रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात. ओली तशीच पिशवीत राहिली तर काचेवर बुरशी धरते आणि मग ती दुरुस्तीलाच द्यावी लागते. आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप, असह्य डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की तुम्ही सत्तरीच्या रानात जाऊन आलात.